तिसरा रकाना

वर्बेटिम, म्हणजे रुग्णाशी झालेल्या बोलण्याची शब्दशः नोंद, लिहायचं तर कागदावर आधी दोन उभ्या रेघा मारून घ्याव्या लागतात. पहिल्या अरुंद रकान्यात बोलणाऱ्याची खूण: रुग्ण किंवा त्याच्या घरचं माणूस असेल तर ‘रु’, आपण असू तर ‘मी’, आणि पुढे क्रमांक. दुसऱ्या रुंद रकान्यात जे बोललं गेलं ते, आठवेल तितकं शब्दशः. मधली शांतताही लिहायची, ‘अंदाजे अर्धा मिनिट गप्प’ अशी. तिसरा रकाना त्या क्षणी माझ्या मनात काय चाललं होतं त्यासाठी. वॉर्डातून बाहेर पडल्यावर तासाभरात लिहायला बसलं नाही, तर दुसरा रकाना विरळ होत जातो. तिसरा मात्र मी पहिले कित्येक आठवडे जवळजवळ कोराच ठेवत होते. ‘वाईट वाटलं’ एवढे दोन शब्द लिहून वही मिटायची.

पाळकीय समुपदेशनात एम.टीएच., म्हणजे धर्मशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, केलं असं सांगितलं, की लोक विचारतात, म्हणजे नेमकं काय शिकलात? मला आधी तो कोरा रकाना आठवतो.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातली. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. मी बारावीत असताना त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि पुढची दोन वर्षं ते खाटेवरच होते. आमचे तेव्हाचे पाळकसाहेब दर गुरुवारी यायचे. स्तोत्र वाचायचे, प्रार्थना करायचे, आईला धीर द्यायचे आणि निघायचे. दोन वर्षांत त्यांचा एकही गुरुवार चुकला नाही, आणि त्याबद्दल मला आजही त्यांचा आदर वाटतो. पण ते कधी बसले नाहीत. आई खुर्ची पुसून ठेवायची, ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे. वडील खालून वर त्यांच्याकडे बघत डावा हात हलवत राहायचे. त्यांना काहीतरी सांगायचं असायचं. काय ते पाळकसाहेबांना कळलं नाही, आईला कळलं नाही आणि मलाही नाही.

बी.ए. झाल्यावर मी बी.डी.ला, म्हणजे धर्मशास्त्राच्या पदवीला, गेले. आमच्याकडे धर्मशिक्षणाची बहुतेक कॉलेजं ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत ते कोलकात्याजवळ, हुगळीच्या काठावर सेरामपूरला आहे. बंगाली लोक त्या गावाला श्रीरामपूर म्हणतात. त्यामुळे नातेवाइकांना बरेच दिवस वाटत होतं की पोरगी आपल्याच जिल्ह्यातल्या श्रीरामपूरला शिकते. इंग्रज मिशनरी विल्यम केरी आणि त्याच्या सोबत्यांनी १८१८ मध्ये ते कॉलेज काढलं आणि १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सनदेनं त्याला पदव्या द्यायचा अधिकार मिळाला. मराठीचं केरीनं लिहिलेलं व्याकरणही १८०५ मध्ये सेरामपूरलाच छापलेलं. घरापासून इतक्या लांबच्या पदवीपत्राशी आपल्या भाषेचा असा संबंध निघावा, याचं मला फार अप्रूप वाटलं होतं.

बी.डी.मध्ये ग्रीक होतं, हिब्रू होतं, मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास होता. समुपदेशनाच्या वाट्याला मात्र फार थोडं यायचं. ते किती थोडं होतं, हे मला पुढच्या वर्षी एका खेड्यातल्या मंडळीत काम करताना कळलं. एका संध्याकाळी एक बाई आली. नवरा दारू पिऊन मारतो, म्हणाली. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, “प्रार्थना करत राहा, मीही करते.” ती “बरं बाई” म्हणून उठली. महिन्याभरानं ती उपासनेला आली तेव्हा तिच्या हाताला प्लास्टर होतं. शेवटच्या बाकावर बसली आणि शेवटचं गीत संपायच्या आत निघून गेली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. त्याच आठवड्यात मी एम.टीएच.चा अर्ज मागवला.

मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांचं म्हणणं होतं की बायकांना ऐकून घेणं उपजतच जमतं, त्यासाठी बेंगळुरूला दोन वर्षं कशाला घालवायची? आईनं तेव्हा एवढंच विचारलं, “तिथं बसायला शिकवतात का?” तिच्याही लक्षात होतं तर.

अभ्यासक्रमात व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत होते, संभाषणकौशल्यं, विवाह आणि कुटुंब, व्यसन, मृत्यू आणि शोक असे विषय होते, संशोधनपद्धती होती आणि शेवटी प्रबंध. सरावासाठी तिघातिघांचे गट. एकानं समुपदेशक व्हायचं, एकानं आपली खरी अडचण घेऊन समोर बसायचं, तिसऱ्यानं फक्त पाहायचं. पाहणाऱ्याची जागा मला अवघड जायची, कारण मध्ये बोलायची मुभा नसायची.

वर्गात ज्या माणसाची गोष्ट ऐकून मी थक्क झाले तो अँटन बॉइसन. अमेरिकेतला हा प्रेस्बिटेरियन पाळक १९२० मध्ये वेडाच्या झटक्यानं मनोरुग्णालयात दाखल झाला. बरा होऊन बाहेर आल्यावर आपल्या आजाराची लाज बाळगण्याऐवजी त्यानं उलटा प्रश्न विचारला: मी आत असताना माझ्या आत्म्यात जे चाललं होतं, ते समजून घ्यायला धर्माचं कुणीच कसं आलं नाही? १९२४ मध्ये तो वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लिन, म्हणजे रुग्णालयाचा पाळक, म्हणून लागला आणि पुढच्याच उन्हाळ्यात त्यानं धर्मशास्त्राच्या मूठभर विद्यार्थ्यांना तिथं काम करत शिकायला आणलं. पोथ्यांबरोबर जिवंत माणसंही वाचा, असं त्याचं सांगणं होतं. क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, म्हणजे सीपीई, तिथून सुरू झालं. पाळकीय समुपदेशनाचा पाया एका रुग्णानं घातलाय, हे मला फार मोलाचं वाटतं. १९६५ मध्ये शिकागोच्या धर्मविद्यालयातले चार विद्यार्थी मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांच्याकडे मरणाविषयी शिकायला म्हणून गेले, आणि मरणासन्न रुग्णांच्या त्यांच्या प्रसिद्ध मुलाखतींना तिथून सुरुवात झाली. त्यांच्या ‘शोकाच्या पाच पायऱ्या’ आज सगळ्यांना पाठ असतात, ते चार विद्यार्थी मात्र कुणाला ठाऊक नसतात.

पण वर्गातलं समुपदेशन म्हणजे बंद खोली, दोन खुर्च्या आणि पन्नास मिनिटं. आपल्याकडे खाटेवर रुग्ण, पायाशी सासू, खिडकीत दीर आणि दारात डबा घेऊन उभा असलेला शेजारी. त्यातून लोकांना सल्ला हवा असतो. “ताई, तुम्ही सांगाल तसं करते,” असं म्हणणाऱ्या बाईला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या पद्धतीनं तिचंच वाक्य परत ऐकवलं, तर तिला वाटतं आपल्याला टाळतायत. यावर आमचे खूप वाद झाले. मला अजून वाटतं की पहिल्या भेटीत थोडा सल्ला द्यावा. विशेषतः मारहाणीत. कुठं जायचं, कुणाला फोन करायचा, कागद कुठले जवळ ठेवायचे, हे सांगितल्याशिवाय नुसतं ऐकत बसणं म्हणजे तिला पुन्हा त्याच घरात पाठवणं.

बायबलच्या जुन्या कराराच्या तासाला आम्ही अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र समुपदेशनाच्या नजरेनं वाचलं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. मी ते लहानपणापासून ऐकलं होतं, पण देवाशी भांडण करून ते भांडण न मिटवता थांबायची मुभा शास्त्रातच आहे, हे मला कुणी दाखवलं नव्हतं. मग तुकोबा आठवले. विठ्ठलावर इतक्या हक्कानं रुसणारा माणूस आपल्या भाषेत असताना आम्ही ख्रिस्ती मराठी लोक रडणाऱ्याला गप्प का करतो? तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं रेव्हरंड ना. वा. टिळक सांगत. माझ्या प्रबंधाचा विषय तिथंच ठरला: मराठी ख्रिस्ती घरांतल्या मौतीनंतरच्या सांत्वनसभांत काय बोललं जातं. प्रबंधाबद्दल इथं जास्त लिहीत नाही. ‘देवानं दिलं, देवानं नेलं’ हे वाक्य त्यात फार वेळा आलं.

सुट्टीत सीपीईसाठी मी वेल्लोरला गेले. बेंगळुरूहून काटपाडीला उतरायचं, तिथून बस. सीएमसी, म्हणजे तिथलं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि रुग्णालय, त्याच्याभोवतालच्या गल्ल्यांत लॉजच्या, खाणावळींच्या पाट्या बंगालीत. तमिळनाडूच्या या गावात बंगाल, झारखंड, आसाम, अगदी बांगलादेशातूनही माणसं उपचारांना येतात. मला तमिळ अजिबात येत नव्हतं आणि त्याची मी धास्ती घेतली होती. प्रत्यक्षात माझी हिंदीच उपयोगी पडली. आमचे पर्यवेक्षक केरळचे धर्मगुरू होते, त्यांना सगळे ‘अच्चन’, म्हणजे फादर, म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी वॉर्डात जायच्या आधी दोनच गोष्टी सांगितल्या. रुग्ण कुठल्याही धर्माचा असू दे, तो मागेल तरच प्रार्थना. आणि खुर्ची ओढून बसायचं, डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीला येतील असं.

खुर्चीचं मी पाळलं. प्रार्थनेचं नाही.

धनबादकडचा एक बाप होता. नऊ वर्षांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) माझ्या वर्बेटिमचा शेवट असा होता:

रु ६: डॉक्टर साहब बोले, दवा अब काम नहीं कर रही.
मी ६: ऊपरवाले पर भरोसा रखिए.
रु ७: जमीन बेचकर लाया था इसको. अब इसकी माँ को क्या बोलूँगा?
मी ७: आइए, हम प्रार्थना करते हैं.

गटात आम्ही सहाजण होतो. मी वाचून दाखवलं. कुणी काही बोलेना. अच्चनांनी विचारलं, “रु ७ चं उत्तर कुठं आहे?” मी म्हटलं, प्रार्थनेत मी त्याच्या बायकोचं नाव घेतलं. “त्यानं प्रार्थना मागितली होती?” नाही. “मग त्यानं काय केलं?” उठून हात जोडले. अच्चन म्हणाले, “त्याचा मुलगा मरतोय, आणि तुला बरं वाटावं म्हणून त्यानं हात जोडले. ती प्रार्थना कुणासाठी होती?”

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं, पाणीही पुढं केलं नाही. मग म्हणाले, “आता तिसरा रकाना भर.”

तो मी त्या रात्री हॉस्टेलवर भरला. ‘रु ७’ समोर लिहिलं: मला इथून पळून जायचं होतं. त्याच्या बायकोला मी पाहिलेलं नाही, पण मला माझी आई दिसली. हा आणखी बोलला तर मला सहन होणार नाही, म्हणून मी त्याला प्रार्थनेनं थांबवलं. पुढे पान संपेपर्यंत वडिलांबद्दलच लिहिलं गेलं, आणि पाळकसाहेब का बसत नसत तेही मला पहिल्यांदाच समजलं. त्यांनाही सहन होत नसणार. इतकी वर्षं मी त्यांच्यावर मनातून रागावलेली होते, आणि तेच मी खुर्चीत बसून केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. जायची हिंमत नव्हती, पण अच्चन जिन्यापर्यंत सोबत आले. मुलगा झोपला होता. मी बसले आणि म्हटलं, “कल आपने इसकी माँ की बात की थी. मैंने सुनी नहीं.” तो बराच वेळ सलाइनच्या नळीकडे बघत राहिला. मग बोलायला लागला. बायको गावी, धाकटी मुलगी तिच्याजवळ. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो आणि रोज तो सांगतो, “ठीक है.” तीन दिवस झाले हे खोटं बोलून. त्याला भीती अशी की कळल्यावर ती एकटीच असेल, आणि पोरीच्या देखत कोसळेल. आम्ही शेजारी कोण आहे, तिची बहीण किती लांब राहते, हे बोलत बसलो. आधी मेहुणीला फोन करून तिला घरी जायला सांगायचं, मग बायकोशी बोलायचं, असं त्याचं त्यानंच ठरवलं. फोन लावताना मला म्हणाला, “आप यहीं रहिए.” मी कॉरिडॉरमध्ये त्याच्यापासून दोन हातांवर उभी राहिले. एक शब्द बोलले नाही. दोन दिवसांनी ते मुलाला घेऊन गावी गेले. पुढचं मला माहीत नाही.

त्यानंतर माझी वर्बेटिम लांबली. रुग्णांची वाक्यं मोठी होत गेली आणि माझी लहान.

परवा संगमनेरकडच्या एका मुलीचा फोन आला. बी.डी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचा प्रश्न सरळ होता, “ताई, यात पोट भरतं का?” तिला जे सांगितलं ते इथं लिहिते, कारण हे कुणी नीट सांगत नाही.

माझ्या वर्गातले काहीजण मंडळीत पाळक झाले, आणि माझ्या मते शिक्षणाचा सर्वांत जास्त उपयोग त्यांनाच होतो. घरभेटी, लग्नाआधीच्या भेटी, मौतीच्या घरी जाणं, हे त्यांना रोजचंच. १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांनाही पाळकपदाची दीक्षा मिळते, त्यामुळे मुलींना ती वाट आहे. मी दीक्षा घेतलेली नाही. काहीजण मिशन हॉस्पिटलांत चॅप्लिन आहेत, एक व्यसनमुक्ती केंद्रात, एक कॉलेजात विद्यार्थ्यांचा समुपदेशक. एम.टीएच.मुळे धर्मविद्यालयात शिकवताही येतं. मरणासन्न रुग्णांच्या सेवेचं क्षेत्र हळूहळू वाढतंय. देशातलं पहिलं हॉस्पिस १९८६ मध्ये आपल्या मुंबईतच, वांद्र्याला, शांती अवेदना सदन या नावानं सुरू झालं. सैन्यात धर्मशिक्षकांमध्ये पाद्रीची जागा असते, पण ती दीक्षित पुरुषांसाठी.

परदेशाचं आकर्षण असतंच. अमेरिकेत मोठ्या रुग्णालयांत चॅप्लिन पगारी नोकर असतो. प्रमाणपत्राच्या वाटेवर धर्मशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीबरोबर सीपीईची चार सत्रं लागतात, प्रत्येक सत्र किमान ४०० तासांचं. म्हणजे १६०० तास, आणि त्यात असंख्य वर्बेटिम. जायचं तर जावं, पण इंग्रजीत रडणाऱ्या माणसाजवळ बसायची तयारी करून जावं. आपल्या भाषेत जे मौन आपल्याला कळतं ते तिथं नव्यानं शिकावं लागतं.

आणि एक गोष्ट तिला ठासून सांगितली. या पदवीवर आपण मानसोपचारतज्ज्ञ होत नाही. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते, ती आपल्याला मिळत नाही. बाहेरच्या समुपदेशकाच्या जागांना बहुधा मानसशास्त्राची किंवा समाजकार्याची पदवी मागतात. म्हणून मी नोकरी करता करता इग्नूतून मानसशास्त्रात एम.ए. केलं. २०२५ पासून दूरशिक्षणानं मानसशास्त्र शिकायची ती सोय बंद झालीय, पण जिला मंडळीच्या बाहेरही काम करायचंय तिनं कॉलेजात जाऊन ते करावंच. पगार बेताचा असतो. मिशन हॉस्पिटलात राहायला खोली मिळते, मोठा आधार तोच.

कुठं थांबायचं हेही शिकावं लागतं. कुणाला आवाज ऐकू येत असतील, कुणी जीव द्यायचं बोलत असेल, तर मी एकटीनं धरून बसत नाही. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते, सोबत जाते, आणि रात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कागदावर लिहून देते. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाच्या घरच्यांना आधी पोलिसांची भीती असते. त्यांना २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं कलम ११५ समजावून सांगते: असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं कायदाच गृहीत धरतो, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य मानतो. मंडळीतल्या लोकांना मात्र हे कलम पुरत नाही. ‘पाप’ हा शब्द कुणीतरी काढतंच. तिथं मी माझं धर्मशास्त्र वापरते, आणि त्या वेळी मला ग्रीक-हिब्रूचे तास वाया गेले असं अजिबात वाटत नाही.

सध्या मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मिशन हॉस्पिटलात आहे. गेल्या महिन्यात एक आजोबा अर्धांगवायूनं दाखल झाले. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. मी डाव्या बाजूला खुर्ची ओढली. वाचाउपचारवाल्या ताईंनी चित्रांचा तक्ता दिलेला आहे: पाणी, चहा, दुखतंय, घर, फोन, लघवी. एकेक चित्र दाखवत गेले. त्यांनी डाव्या हातानं तक्ता बाजूला सारला आणि माझं मनगट धरलं. वीसेक मिनिटं धरून होते. त्यांना काय सांगायचं होतं ते मला कळलं नाही. त्यांना मी तसं सांगितलंही, “आजोबा, मला कळत नाहीये, पण मी बसलेय.” त्यांनी डोळे मिटले, हात सोडला नाही. घरी आल्यावर आईला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. नंतर ताट वाढताना म्हणाली, “तुझ्या बापाचा हात फार जड लागायचा शेवटी.”

संगमनेरच्या मुलीला मी दिवाळीनंतर आठवडाभर आमच्याकडे यायला सांगितलंय. वही आण, म्हटलं, आणि रेघा मारून आण.